एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग पुन्हा पुन्हा का उडते? गॅस्केट आणि स्टड बसवण्याविषयी

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार सिलिंडरची, तेराशे सीसीची जुनी पेट्रोल सेडान आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असून त्यातला धूर सायलेन्सरच्या पाइपाकडे नेणारा मॅनिफोल्ड बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक ऐकू येते आणि इंजिन तापले की ती जवळजवळ थांबते. सिन्नरकडे जाताना मोहदरी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मात्र तोच आवाज फटफट असा मोठा होऊन परत येतो. एका गॅरेजात आधी टॅपेट (झडपांची फट) सेट करून दिले, पण त्याने काही फरक पडला नाही. मग मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या मधले पॅकिंग (गॅस्केट) बदलले, तेव्हा काही महिने आवाज बंद होता आणि आता पुन्हा तोच प्रकार सुरू झाला आहे. आरसा घालून पाहिले तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या टोकाचा नट दिसलाच नाही. त्याचा स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा, हेडच्या पृष्ठभागाशी तुटलेला आहे आणि त्या जागी हेडवर काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग आहे.

मला हे काम स्वतः करायचे आहे. पाने, जॅक आणि स्टँड माझ्याकडे आहेत. प्रश्न असा, की भारी प्रतीचे पॅकिंग घेतले तर हे कायमचे थांबेल का? स्टडऐवजी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावावेत, असे एकाने सुचवले आहे. ते योग्य आहे का? आणि एवढे उघडणारच आहे, तर बिडाचा मॅनिफोल्ड काढून पाइपांचा हेडर बसवावा का?

सातपूरकर

तुटलेला स्टड दिसला आणि काजळी दिसली, म्हणजे निदान झालेच आहे. तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे सांगतो, कारण टॅपेटचा आवाज आणि पॅकिंगची गळती यांत भले भले फसतात. दोन्ही आवाज इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा होतात, त्यामुळे नुसत्या ठेक्यावरून ओळख पटत नाही. टॅपेटचा आवाज जोर लावल्याने फारसा वाढत नाही, गळतीचा वाढतो. थंड इंजिनात मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यात फट असते, ती धातू तापून फुगला की बुजते. म्हणून सकाळची टकटक चहा होईपर्यंत नाहीशी होते.

शंका राहिलीच तर साधी चाचणी अशी. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला फडके गुंडाळून बसवावी आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी फवारावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. काही झडपा उघड्या असल्यामुळे थोडी हवा इनटेकच्या बाजूने निघून जाते, पण सांधा तपासण्यापुरता दाब उरतो. एका सिलिंडरचा संशय असेल आणि गाडी इंजेक्शनची असेल, तर चालू इंजिनात त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून आवाज जातो का, ते पाहता येते. प्लगची वायर काढून हेच करू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो खराब होतो.

आणि ही गळती केवळ आवाजाची बाब समजू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल, तर धुराच्या दोन झटक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. मायलेज उतरल्याची तक्रार घेऊन लोक इंजेक्टर धुऊन घेत बसतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे बॉनेटखाली सुटलेला कार्बन मोनॉक्साइड काचेखालच्या जाळीतून पंख्यावाटे केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, मळमळते आणि माणूस त्याचा दोष घाटाच्या वळणांना देतो. दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवा आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका.

मोजपट्टी

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते ‘नाही’ असे आहे. पॅकिंग कितीही भारी आणले तरी ते आवळून धरणारा स्टड टोकालाच का तुटला, हे समजल्याशिवाय उपयोग नाही. टोकाचाच का तुटतो, याचा हिशेब सोपा आहे आणि एकदा तो लक्षात आला, की बसवण्याच्या पद्धतीतली प्रत्येक गोष्ट आपोआप कळते.

पहिल्या स्टडपासून शेवटच्या स्टडपर्यंत ३०० मिमी अंतर धरू. बिडाचा प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ११ × १०⁻⁶ आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे २२ × १०⁻⁶, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम दुप्पट फुगते. पण हेडमध्ये पाणी खेळते, त्यामुळे त्याचे तापमान थंड स्थितीपेक्षा ८० अंशांच्या आसपासच वाढते. मॅनिफोल्डचे मात्र घाटात ५०० अंशांनी सहज वाढते. मग हेड साधारण अर्धा मिलिमीटर लांबते आणि मॅनिफोल्ड साधारण १.६ मिलिमीटर. फरक झाला एक मिलिमीटरहून थोडा अधिक. मध्यभाग स्थिर धरला तर प्रत्येक टोक हेडच्या तुलनेत अर्ध्या मिलिमीटरने बाहेर सरकते आणि गाडी थंड झाली की परत येते. प्रत्येक फेरीला हेच चालते.

याचा अर्थ असा, की हा सांधा आवळलेला तर हवा, पण सरकायला मोकळाही हवा. म्हणूनच कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये मधली भोके स्टडच्या मापाची आणि टोकाची भोके मोठी किंवा लांबट असतात. आता कल्पना करा, की कोणी आधी दोन्ही टोकांचे नट कचकचून आवळले आणि मग मधले. मॅनिफोल्ड टोकांना जखडला, मधोमध किंचित कमान राहिली, आणि तापल्यावर टोकाच्या स्टडला सरकण्याऐवजी वाकावे लागले. पुढे वाकणे-सरळ होणे चालत राहते आणि एके दिवशी आटा जिथे हेडमध्ये शिरतो तिथेच तुकडा पडतो. आपला स्टड नेमका तिथेच तुटला आहे.

घाटवाट

माझ्या गाडीला एका मेकॅनिकने पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन लावून दिले होते आणि ते बरेच दिवस टिकले. डब्यावर ‘हाय टेम्परेचर’ असे लिहिलेलेही असते. मग ते का वापरू नये? शिवाय थोडा बाक असेल तर तोही भरून निघतो.

मोजपट्टी

@घाटवाट, लाल सिलिकॉनची सहनशक्ती साधारण ३०० ते ३५० अंशांपर्यंत असते. ते तेलाच्या चेंबरला, थर्मोस्टॅटच्या झाकणाला उत्तम. एक्झॉस्ट पोर्टच्या (हेडमधून धूर बाहेर पडण्याच्या भोकाच्या) तोंडाशी वायू त्याहून कितीतरी तप्त असतो, तिथे त्याची राख होते आणि जेवढी जाडी जळून गेली तेवढा नटांचा ताण सैल पडतो. ओले सिलिकॉन आवळताना वंगणासारखे वागते आणि पॅकिंग जागचे सरकवते, हा आणखी एक तोटा. आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला घातक ठरते ती वेगळीच. आपले काही दिवस टिकले, ते पॅकिंगमुळे टिकले असे मी म्हणेन. मॅनिफोल्डचे पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. बाक असेल तर तो यंत्रावर काढावा, डब्यातल्या लेपाने नव्हे.

सातपूरकर

बाकाविषयी. मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडचा आणि मॅनिफोल्डचा असे दोन्ही चेहरे साफ करून त्यांवर चांगली सरळपट्टी उभी धरावी, लांबीत आणि कर्णातही, आणि तिच्याखाली फिलर गेजची ०.१० मिमीची पाती सरकते का, ते पाहावे. सरकत असेल तर फेस मारून घेणे, म्हणजे यंत्रावर तो चेहरा सपाट करून घेणे आले. बहुतेक वेळा बाक मॅनिफोल्डमध्येच निघतो. ज्या गाडीवर टोकाचा स्टड तुटूनही बराच काळ ती चालवली आहे, तिचा मॅनिफोल्ड त्या टोकाला हेडपासून दूर वळलेला असण्याची शक्यता फार मोठी. गॅरेजात पॅकिंग बदलताना ही तपासणी झाली नसेल, तर नवे पॅकिंग त्याच फटीवर बसले आणि पुन्हा उडाले, यात नवल नाही.

साफसफाईत घाई नको. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला थर अ‍ॅल्युमिनियमवरून पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने, हात आडवा ठेवून काढावा. पोर्टमध्ये आधी फडक्याचे बोळे घालावेत आणि नंतर ते मोजून बाहेर काढावेत. ग्राइंडरला लावायच्या खरखरीत चकत्यांचा मोह होतो, पण त्या अ‍ॅल्युमिनियममध्ये खळगे पाडतात आणि त्यांचे कण झडपांपर्यंत पोहोचतात.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिले, त्याबद्दल आभार. आज मॅनिफोल्ड उतरवला. कामाच्या दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ नटांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारत होतो. नट टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल केले. आधी किंचित आवळून मग सोडवले की गंजाचा पापुद्रा कसा चटकन तुटतो, ते हाताला स्पष्ट जाणवते. एक नट मात्र हलेना. त्याला फक्त नटापुरता गॅसचा टॉर्च दाखवला, थोडे थांबून मेण टेकवले आणि सहा कोनी गोटीने तो निघाला. बाकीचे सर्व स्टड शाबूत आहेत, पण दोघांचे आटे झिजलेले दिसतात.

सरळपट्टी लावली. हेड व्यवस्थित आहे. मॅनिफोल्डच्या चौथ्या पोर्टाखाली मात्र ०.३० मिमीची पाती आरामात गेली. आता तुटलेल्या स्टडचे काय करावे? तो पृष्ठभागाच्या जेमतेम वर आहे, पकडायला काहीच नाही.

अंबडचा लेथ

आमच्याकडे अंबडला असे मॅनिफोल्ड फेस मारायला नेहमी येतात, त्यामुळे त्या भागाची काळजी करू नका. सरफेस ग्राइंडिंगचे काम एका बैठकीत होते. फक्त सर्व पोर्टांचे फ्लँज एकाच प्रतलात यावेत म्हणून पूर्ण मॅनिफोल्ड एकदम लावायला सांगा आणि जेवढे आवश्यक तेवढेच काढायला सांगा.

तुटलेल्या स्टडविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक हेड इथेच बिघडतात. थोडासा भाग वर असेल तर पहिला उपाय वेल्डिंगचा. तुकड्यावर एक मोठा नट ठेवून त्याच्या आतून एमआयजीने भरून घ्यायचे. वितळलेले पोलाद अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, स्टडला मात्र धरते, आणि त्या उष्णतेने आट्यांतला गंजही सुटतो. लाली गेल्यावर, पण कोमट असतानाच, पान्याने मागेपुढे हलवत काढावे. पहिला नट सुटून आला तरी दुसरा लावून पाहावा, निराश होऊ नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि अर्थिंगची पकड कामाच्या अगदी जवळ लावावी.

ते जमले नाही तर ड्रिल. इथे सर्वांत मोठा धोका म्हणजे ड्रिल कठीण पोलादावरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरते आणि भोक तिरके होते. मार्गदर्शक हवाच. पुष्कळ जण मॅनिफोल्डच परत चढवून त्याच्या भोकात बुश घालून ड्रिल मारतात. मधल्या स्टडला ते चालेल, पण टोकाचे भोक मुळातच मोठे असते, हे वर ‘मोजपट्टी’ यांनी सांगितले आहे. त्यात बसवलेला बुश मध्यावर असेलच असे नाही. म्हणून आम्ही ८ मिमी जाडीची पट्टी घेऊन पॅकिंगवरून भोकांची आखणी करतो, शेजारच्या दोन शाबूत स्टडवर ती पट्टी बसवतो आणि तिसऱ्या जागी ड्रिलचा बुश दाबून बसवतो. डाव्या हाताचे, म्हणजे उलट्या दिशेने फिरून कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तमच, कारण पुष्कळदा भोक पडता पडताच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. ‘इझी-आउट’ (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचे हत्यार) मात्र जपून. गंजलेल्या स्टडला तो लावून जोर केला आणि तो आत तुटला, तर त्या कडक तुकड्यात साधे ड्रिल चालत नाही, आणि मग हेड उतरवून स्पार्क मशिनवर न्यावे लागते.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची कॉइल. एम-८, १.२५ पिचसाठी ८.३ मिमीचे ड्रिल, मग त्याच संचातला विशेष टॅप, आणि कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली ठेवायची. शेवटी तिची आडवी शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढायची. नीट बसवलेले हेलिकॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असते, त्यामुळे त्याला कमीपणाचे मानू नये.

एक महत्त्वाचे राहिले. काही इंजिनांत एखाद्या स्टडचे भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडते. स्टड काढल्यावर हिरवे पाणी ठिबकले तर घाबरू नका, पण पाणी आधीच काढून ठेवा आणि तो स्टड बसवताना आट्यांना सीलंट लावा.

दिंडोरीचा मळा

मध्येच विचारतो, विषयाला धरूनच आहे. आमच्या डिझेल पिकअपला टर्बो आहे आणि हंगामात द्राक्षांचे क्रेट भरून ती कसारा घाट उतरते-चढते. मॅनिफोल्डचे हेडकडचे पॅकिंग ठीक आहे, पण मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या मधले वारंवार जाते. तिथेही हेच लागू होते का?

सातपूरकर

@दिंडोरीचा मळा, तत्त्व तेच, पण तिथे एक ओझे जास्त असते. टर्बो हा वजनदार भाग मॅनिफोल्डला लटकतो आणि त्याच्या पुढे डाउनपाइप (खाली सायलेन्सरकडे जाणारा पाइप) लटकतो. कंपनीने त्या वजनासाठी आधाराची पट्टी दिलेली असते, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून पाइपपर्यंत जाणारी. एकदा काम झाले की तिचा बोल्ट हाताला अवघड पडतो, म्हणून ती पट्टी कित्येक गाड्यांत परत बसतच नाही. मग पाइपचा प्रत्येक हेलकावा त्या चार स्टडवर येतो. आधी ती पट्टी आहे का आणि इंजिनाचे रबर माउंट दबून गेले आहेत का, ते पाहा. नंतर पॅकिंगचा विचार करा. टर्बोच्या सांध्यात बहुधा पातळ, उठावदार कडांचे पोलादी पॅकिंग असते. तिथे जाड ग्रॅफाइटचे कापून बसवण्याचा प्रयोग करू नये.

@गोदाकाठ, हेच तुम्हालाही लागू आहे. खाली जाऊन डाउनपाइपचा आधार तपासा.

गोदाकाठ

तपासला. पट्टीचा कंस जागेवर आहे, बोल्ट नाही! दोन भोके समोरासमोर येतात आणि त्यांत काहीच नाही.

स्टडचा तुकडा वेल्डिंगने निघाला, दुसऱ्या नटाला. आटे शाबूत आहेत. आता सामानाचा प्रश्न आहे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात तीन प्रकारचे पॅकिंग दाखवले: एक करड्या पत्र्याच्या थरांचे, एक जाळीदार पत्र्यावर ग्रॅफाइट दाबलेले आणि एक पुठ्ठ्यासारखे, स्वस्त. शिवाय स्टेनलेसच्या बोल्टांचा प्रश्न तसाच आहे.

मोजपट्टी

पुठ्ठ्यासारखे परत करा. पोलादी थरांचे पॅकिंग सपाट, नुकत्याच फेस मारलेल्या पृष्ठभागांवर सर्वांत टिकते आणि मॅनिफोल्डला सरकू देते. पृष्ठभागावर बारीक खड्डे असतील तर ग्रॅफाइटचे अधिक क्षमाशील असते, पण ते दबते आणि नंतर पुन्हा आवळावे लागते. आपला मॅनिफोल्ड फेस मारून येणार आहे आणि हेड चांगले आहे, म्हणून मी पहिले घेईन. कुठलेही घ्या, पण दुकानातच ते हेडच्या जुन्या पॅकिंगवर ठेवून पाहा. पॅकिंगचे भोक पोर्टपेक्षा किंचितही लहान असेल, तर ती कड वायूच्या झोतात येते आणि तिथूनच जळायला सुरुवात होते.

स्टेनलेसविषयी. बाजारातले नेहमीचे, ए२-७० प्रतीचे स्टेनलेस गंजत नाही एवढाच त्याचा गुण. ताकदीत ते ८.८ प्रतीच्या पोलादाहून कमी आहे, आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच स्टडवर आवळताना आटे एकमेकांना असे धरतात, की नट ना पुढे जातो ना मागे. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बोल्ट दर वेळी काढला-घातला की हेडचेच आटे झिजतात; स्टड असला तर झीज स्टड आणि नट यांच्यात राहते, आणि ते दोन्ही बदलता येतात. स्टडवर मॅनिफोल्ड टांगून पॅकिंग जागेवर धरता येते, हाही फायदा आहेच. म्हणून कंपनीच्या प्रतीचे उष्णतारोधक पोलादी स्टड आणि त्यांवर तांब्याचा मुलामा असलेले, वरच्या बाजूला किंचित चेपलेले लॉकनट घ्यावेत. नायलॉनची कडी असलेले नट इथे अजिबात नकोत, ती कडी पहिल्याच फेरीत वितळते. आणि साध्या स्प्रिंग वायसरचा ताण उष्णतेने मरतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. कंपनीने जिथे दिला आहे तिथे नवा लावावा, इतकेच.

हेडरबद्दल माझे मत विचाराल, तर या गाडीला नको. मोकळ्या पाइपांचा फायदा वरच्या आरपीएमला आणि बाकीची व्यवस्था त्याला जुळवली तरच मिळतो. स्टेनलेसचे पाइप बिडापेक्षाही जास्त फुगतात, दर अंशाला सुमारे १७ × १०⁻⁶, त्यामुळे पातळ फ्लँजचा स्वस्त हेडर वर्षभरात केळीच्या आकाराचा होतो आणि हाच धागा पुन्हा काढावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करणे हे स्वतंत्र दुखणे आहे. बसवायचाच असेल त्याने निदान ८ ते १० मिमी जाडीचा फ्लँज आणि पोर्टांच्या मध्ये काप दिलेला हेडर पाहावा. तो काप सरकण्यासाठीच असतो.

सातपूरकर

आता बसवण्याचा क्रम लिहितो. हेडमधली भोके आधी साफ करावीत. टॅप फिरवताना तो आटे कापायला नव्हे, तर झाडायला फिरवायचा आहे, हे लक्षात असू द्यावे. भोक बंद तळाचे असेल तर त्यातले तेल आणि पाणी हवेने उडवून टाकावे, नाहीतर स्टड आत शिरताना तो द्रव दबून हेडला तडा देऊ शकतो. स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून स्टड आत बसवावा, टेकला की थांबावे. स्टडला हेडमध्ये कचकून आवळायचे नसते.

नटांच्या बाजूच्या आट्यांना निकेलचे किंवा तांब्याचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) अगदी पातळ लावावे. त्याने घर्षण कमी होते, म्हणजे त्याच टॉर्कला स्टडवर ताण जास्त येतो. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर तो पाचव्या हिश्शाने उतरवावा. नट कंपनीनेच लेप देऊन पाठवले असतील तर वरून काही लावू नये.

पॅकिंग चढवावे, मॅनिफोल्ड चढवावा आणि सर्व नट फक्त बोटांनी पूर्ण आत न्यावेत. एखादा बोटांनी जात नसेल तर थांबून कारण शोधावे. मॅनिफोल्ड सैल असतानाच खालचा डाउनपाइप आणि त्याची रिंग जोडावी, तेही बोटांपुरतेच. आधाराच्या पट्टीचा बोल्ट घालून ठेवावा, पण आवळू नये. मग मॅनिफोल्डचे नट मधल्यापासून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे असे टोकांकडे आवळत न्यावेत आणि ते एका दमात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. एम-८ च्या स्टडला बहुतेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा असेल तो अंतिम मानावा. समजा तो २३ असेल, तर पहिली फेरी १० वर, दुसरी १७ वर आणि तिसरी २३ वर. मॅनिफोल्ड झाल्यावर डाउनपाइप, आणि सर्वांत शेवटी पट्टी. हा क्रम उलटा केला, तर पट्टी पाइपला एका बाजूला ओढून धरते आणि नव्या स्टडला जन्मापासून बाक येतो.

चाकांच्या नटांसाठी असलेला मोठा टॉर्क पाना इथे वापरू नका. पान्याच्या पूर्ण मापाच्या खालच्या पाचव्या भागात त्याचा आकडा भरवशाचा नसतो. १० ते ६० न्यूटन-मीटरचा लहान पाना घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. आणि पान्याला पाइप लावून ओढण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, ती या सांध्याला बिलकुल चालत नाही.

गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाली, की दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर, त्याच क्रमाने पुन्हा पाना फिरवावा.

मोजपट्टी

शेवटच्या वाक्याला माझी एक दुरुस्ती. ग्रॅफाइटच्या पॅकिंगला आणि बाजारातल्या हेडरला पुन्हा आवळणे आवश्यकच आहे. पोलादी थरांचे पॅकिंग दबत नाही, त्यामुळे मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर त्याला पुन्हा ताण देण्याची गरज नसते, आणि तापलेल्या-थंड झालेल्या नटावर पुन्हा पुन्हा पाना फिरवल्याने चेपलेल्या लॉकनटची पकडही कमी होते.

सातपूरकर

दबत नाही, हे मान्य. पण नवा स्टड, नवा नट आणि नुकताच फेस मारलेला मॅनिफोल्ड असे तिन्ही एकदम बसवले, की काहीतरी कुठेतरी बसतेच, हा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी वाढवायला सांगत नाही, तपासायला सांगतो. पाना त्याच आकड्यावर लावावा; नट न हलता ‘टक’ झाले तर तो सोडून पुढे जावे. तापलेल्या इंजिनावर मात्र हे कधीही करू नये, तुम्ही म्हणता ते नुकसान तिथेच होते.

मोजपट्टी

असे केले तर माझी हरकत नाही. थंड इंजिन, तोच आकडा आणि एकदाच.

गोदाकाठ

काम पूर्ण झाले. मॅनिफोल्ड फेस मारून आल्यावर सरळपट्टीखाली ०.०५ ची पातीही शिरली नाही. स्टड सगळेच नवे घातले, कारण जुन्या दोघांचे आटे झिजले होतेच आणि अर्धे जुने, अर्धे नवे ठेवण्यात काही अर्थ वाटला नाही. बारा नंबरच्या गोटीला लवचीक सांधा लावल्याशिवाय चौथ्या पोर्टाचा खालचा नट गाठता येत नाही. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच आणून ठेवावा. पट्टीला योग्य लांबीचा बोल्ट मिळाला.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर सांध्यातून धूर आला, तो हाताचे तेल आणि गंज सोडवणारे तेल जळाल्याचा होता आणि थोड्याच वेळात थांबला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पाना फिरवला तेव्हा मधले नट जागचे हलले नाहीत, टोकाचे दोन किंचित फिरले. म्हणजे आपण दोघेही थोडे थोडे बरोबर होता, असे दिसते. साबणाच्या पाण्याला आता बुडबुडा येत नाही.

एकच शंका आहे. मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे उष्णतारोधक कवच परत लावले नाही, कारण त्याचे दोन बोल्ट तुटले आणि उरलेल्यांवर ते खडखडते. ते नसले तर चालेल का?

अंबडचा लेथ

चालणार नाही. त्या कवचामुळे शेजारची वायरिंग, ऑक्सिजन सेन्सरची तार आणि रबरी नळ्या वाचतात; शिवाय पावसाळ्यात इगतपुरीच्या रस्त्यावर समोरच्या ट्रकने उडवलेले पाणी थेट तापलेल्या बिडावर पडले, तर मॅनिफोल्डलाच तडा जातो. कवचाचे बोल्ट बहुधा एम-६ असतात आणि ते मॅनिफोल्डच्या बिडात असतात, त्यामुळे तुटलेले तुकडे ५ मिमीच्या ड्रिलने काढून पुन्हा टॅप मारणे हे हेडच्या मानाने सोपे काम आहे. पत्र्याची भोके गंजून मोठी झाली असतील तर खालीवर रुंद वायसर घाला, खडखड थांबेल. मॅनिफोल्ड न उतरवता जागेवरच हे करता येईल, फक्त ड्रिलचा कीस पडू नये म्हणून खाली अल्टरनेटरवर फडके टाका.

गोदाकाठ

शनिवारी करतो. एम-६ चा टॅप आहे माझ्याकडे.